गोळी लागलेल्या माणसाचा खर्च नेमका कोण भरतो?

शेवंती | शनिवार, रात्री ९.४०

आमच्या गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवर परवा एक व्हिडिओ आला. वरात, डॉल्बी, आणि नवरदेवाच्या मागे उभं राहून कुणीतरी बंदुकीचे दोन बार काढतंय. खाली कौतुकाची रांग लागलेली. मी एवढंच लिहिलं, "ती गोळी खाली कुठं आली ते कुणी पाहिलं का?" त्यावर भाच्याचं उत्तर आलं, "मावशी, हवेत मारलीय, कुणाला लागणारे?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून हा धागा काढतेय.

मी ३१ वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका होते, २०२३ ला निवृत्त झाले. शेवटची बरीच वर्षं अपघात विभागात आणि पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात गेली. रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांनी जीव तोडून काम केलेलं मी पाहिलंय, आणि मला जे म्हणायचंय ते कुठल्याही सरकारी वॉर्डाला लागू आहे.

२०२२ चा उन्हाळा, लग्नसराई. रात्री साडेअकराच्या सुमारास जीपच्या मागच्या सीटवर आडवा घालून एका मुलाला आणलं. वय २२. वरातीत जनरेटरची हातगाडी ढकलायचं काम, रोजाने. नवरदेवाच्या पाहुण्याकडे परवान्याची बंदूक होती. बार हवेतच काढायचा होता, नाचता नाचता हात खाली आला. गोळी उजव्या कुशीतून शिरली, मोठं आतडं फाडून मणक्यात जाऊन बसली.

कपडे मी कापले. पोलीस केस असली की अंगावरचा प्रत्येक कपडा पाकिटात घालून सील करावा लागतो. शर्टाच्या खिशात जनरेटरच्या डिझेलची पावती निघाली, तीही पाकिटात गेली. त्या दिवसाची मजुरी अजून मिळालेली नव्हती, खिशात पैसा नव्हता.

पहिल्या रात्री रक्ताच्या चौदा पिशव्या चढल्या. आठवड्यात दोन ऑपरेशनं. आतडं जोडता येईना म्हणून शौचाची वाट पोटावर काढून पिशवी लावली. गोळी मात्र काढली नाही. सर्जन म्हणाले, काढायला गेलो तर आहे ते नुकसान वाढेल. हे लोकांना पटत नाही. गोळी काढली की पेशंट बरा, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. त्याची आई सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी, विड्या वळून घर चालवणारी. रोज सकाळी राउंडच्या आधी माझ्याकडे यायची. "सिस्टर, गोळी निघाली का?" ७१ दिवस तो वॉर्डात होता. ७१ वेळा नसेल, पण पन्नासएक वेळा तरी मी तिला "नाही" म्हटलं असेल.

आता खर्चाचं. ऑपरेशन थिएटर, भूल, आयसीयूतले दिवस, रक्त, सलाइन, आमचे पगार, हे सगळं सरकारचं, म्हणजे तुमचं आमचं. केसपेपरवर त्याचा आकडा कुठंच येत नाही. बिलच नसल्यामुळे सगळ्यांना वाटतं इलाज फुकट झाला. घरच्यांच्या वाट्याला आल्या त्या चिठ्ठ्या: साठ्यात नसलेलं इंजेक्शन बाहेरून आणा, पोटावरच्या पिशव्या बाहेरून आणा, एक तपासणी बाहेरून करा. बंदूकवाल्याकडच्यांनी पहिल्या आठवड्यात पन्नास हजार आणून दिले. त्यानंतर त्यांचा फोन लागला नाही.

या दिवाळीत मी त्याच्या घरी गेले होते. कमरेखाली काही हलत नाही. पोटावरची पिशवी निघाली, आतडं जोडलं गेलं, तेवढं एक बरं झालं. लघवीची नळी कायमची. आई दारातल्या उजेडात बसून मांडीवरच्या सुपात विड्या वळते. जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची, असं आम्ही डिस्चार्जच्या वेळी शिकवलं होतं. तिच्या घरातलं घड्याळ बंद आहे. ती म्हणाली, "पंचवीसची दहा बंडलं झाली की उठते." तिच्या हाताला दहा बंडलांना बरोबर दोन तास लागतात. उठून कूस बदलते, पाठ पुसते, पुन्हा सुपाशी बसते. रात्री विड्या नसतात, तेव्हा अंदाजाने उठते.

त्या पाहुण्याची बंदूक, मला कळलंय, त्याला परत मिळाली.

ही गोळी कुणाच्या खर्चात मोजायची? त्या बाईच्या तीन वर्षांच्या झोपेचा हिशेब कुठल्या खात्यात लिहायचा? परदेशात हा हिशेब कुणी मांडलाय का? जाणकारांनी लिहावं.

---

यंत्रमाग_अशोकचौक | शनिवार, रात्री १०.१५

ताई, राग मानू नका, मनापासनं विचारतो. आपल्या सोलापुरात बंदुका कितीजणांकडं हायत? वॉर्डात बघितलात तर कोयत्याचे वार, ऊसाच्या ट्रॉलीखाली आलेले, हेच जास्त असणार की. जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, हंगामात रात्री दोन-दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर पळतात, मागं साधा लाल दिवा नसतो. माझा मेहुणा त्यात गेला. आधी ते बोला असं वाटतं.

---

शेवंती | शनिवार, रात्री १०.३२

दादा, राग कसला. मेहुण्यांचं वाचून वाईट वाटलं. तुम्ही म्हणता ते खरंच आहे. माझ्या ३१ वर्षांत गोळीच्या केसेस बोटांवर मोजण्यासारख्या, आणि ट्रॉलीच्या किती ते मोजताच येणार नाही.

पण एक फरक मला खाली बसून विचार केल्यावर कळला. ट्रॉलीच्या केसमध्ये चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी विम्याचे कागद विचारत वॉर्डात यायचं. वकील यायचे, क्लेमचं बोलणं व्हायचं. पैसे उशिरा मिळोत, कमी मिळोत, पण दार होतं. या मुलाच्या बाबतीत कागद विचारायला कुणी आलंच नाही. पोलीस येऊन जबाब घेऊन गेले, तेवढंच.

---

बाल्टिमोरकर | रविवार, पहाटे ४.०५

शेवंतीताई, मी विजापूर रोडला वाढलो, आता अकरा वर्षं अमेरिकेत, बाल्टिमोरला. एका रुग्णालयाच्या हिशेब विभागात आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या टेबलावरचा आहे. इथे हा हिशेब मांडला गेलाय, पण फार उशिरा आणि अर्धवट.

अमेरिकन संसदेसाठी सरकारी खर्च तपासणारी जीएओ नावाची संस्था आहे. तिचा जून २०२१ चा अहवाल सांगतो की गोळीच्या जखमांमुळे वर्षाला सुमारे ३०,००० लोक रुग्णालयात दाखल होतात आणि सुमारे ५०,००० वेळा लोक आपत्कालीन विभागात येतात. पहिल्या उपचाराचाच खर्च वर्षाला १०० कोटी डॉलरच्या वर. डॉक्टरांची फी त्यात धरलेली नाही, ती धरली तर आणखी साधारण पाचवा हिस्सा वाढतो. यातला ६० टक्क्यांहून जास्त भार मेडिकेड आणि इतर सरकारी योजनांवर पडतो. मेडिकेड म्हणजे गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना, आपल्या महात्मा फुले योजनेची आठवण व्हावी अशी, फक्त आवाका बराच मोठा. ज्याने आयुष्यात बंदूक हातात धरली नाही, त्याच्या करातून हे पैसे जातात.

आणि ताई, तुम्ही ज्याला दहा बंडलांचं घड्याळ म्हणालात, तो खर्च यात नाहीच. हा सगळा पहिल्या भरतीचा आकडा. त्याच अहवालात आहे की दाखल झालेल्यांपैकी १६ टक्क्यांपर्यंत लोक त्याच जखमेसाठी पुन्हा भरती होतात आणि त्या फेरीला माणशी ८ ते ११ हजार डॉलर लागतात. हार्वर्डच्या संशोधकांचा २०२२ चा अभ्यास जरा पुढे गेला. गोळीतून वाचलेल्या माणसाचा पहिल्या वर्षातला वैद्यकीय खर्च साधारण ३०,००० डॉलरनी वाढतो. दुखणी, मानसिक आजार, व्यसनं, तिन्ही वाढतात. मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच: ज्यांना गोळी लागलीच नाही, त्या घरच्यांमध्येही मानसिक आजारांचं निदान १२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. आई, बायको, मुलं.

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण हिशेबात असतो म्हणून रोज दिसते. २०२१ मध्ये इथे बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. बंदुकीने केलेला आत्महत्येचा प्रयत्न बहुतेक वेळा जीव घेऊनच थांबतो. जो जागेवर गेला त्याचा रुग्णालयाच्या वहीत खर्च जवळजवळ शून्य. म्हणजे फक्त बिलांवरून बघाल तर निम्म्याहून जास्त मृत्यू दिसणारच नाहीत. वही नीट वाचायची तर हे लक्षात ठेवावं लागतं.

हिशेब उशिरा का झाला, तेही सांगतो. १९९३ मध्ये आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, घरात बंदूक असेल तर त्या घरात खून होण्याचा धोका जवळपास तिप्पट दिसतो असा. बंदूकवाल्यांच्या संघटना खवळल्या. १९९६ मध्ये संसदेने सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या निधीला अट घातली की बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार करायला हा पैसा वापरायचा नाही, आणि जेवढे पैसे या संशोधनावर जात होते तेवढेच, २६ लाख डॉलर, तिथून काढून घेतले. संशोधनाला सरळ बंदी नव्हती. पण कोण हात घालणार? वीसेक वर्षं हा विषय जवळजवळ उपाशी राहिला. पुन्हा पैसे मंजूर झाले डिसेंबर २०१९ मध्ये, अडीच कोटी डॉलर. गंमत नाही, दुःख आहे, की ज्या खासदाराच्या नावाने ती अट ओळखली जाते त्या जे डिकी यांनीच म्हातारपणी जाहीर लिहिलं की हे संशोधन व्हायला हवं.

जून २०२४ मध्ये तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्यावर सरकारतर्फे बोलणारे प्रमुख डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी बंदुकीची हिंसा हे सार्वजनिक आरोग्यावरचं संकट असल्याचं अधिकृतपणे जाहीर केलं. त्यांचं मूळ घराणं कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यातलं.

---

पेठेतला_पोऱ्या | रविवार, सकाळी ८.१०

वाचतोय. आमच्या चुलत्यांकडे पीकरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे. दोन लग्नांत नेलेली मी स्वतः पाहिलीय. आज दुपारी त्यांच्याकडे जेवायला आहे, हा धागा मोठ्याने वाचून दाखवणार.

---

सावली_फिजिओ | रविवार, सकाळी ९.२५

शेवंतीताई, मी अक्कलकोट रोडला प्रॅक्टिस करते. तुमच्या त्या मुलासाठी काही गोष्टी लिहिते.

पाठीच्या कण्याच्या पेशंटचा खरा खर्च तीन ठिकाणी होतो: कातडी, लघवी आणि खांदे. एकदा माकडहाडाशी जखम झाली की ती महिनोन्महिने भरत नाही, आणि तिच्यातून जंतू रक्तात गेले की पुन्हा भरती. त्यामुळे हवेची गादी लगेच बघा. नवीच हवी असं नाही, पंप नीट चालतोय एवढं पाहायचं. गादी आली तरी कूस बदलणं बंद करायचं नाही, हे आईला नक्की सांगा, कारण लोक तिथेच चुकतात.

कायमची नळी असेल तर त्याला स्वतः ठरावीक वेळाने स्वच्छ नळी घालून लघवी काढायला शिकवता येतं का, ते यूरोलॉजीच्या डॉक्टरांना विचारा. हात चांगले आहेत म्हणजे बहुधा शिकेल. संसर्ग कमी होतो आणि आईवरचा भारही हलका होतो. खांद्यांचं म्हणाल तर आता त्याचे खांदे हेच त्याचे पाय आहेत. चुकीच्या उंचीच्या व्हीलचेअरने पाचेक वर्षांत ते खराब होतात.

मी गुरुवारी दुपारी मोकळी असते. येऊन बघते. फी नको.

---

मास्तर_विजापूरवेस | रविवार, सकाळी ११.००

खर्च कोण भरतो यावरून आठवलं. भैय्या चौकात ज्यांचं स्मारक आहे ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापुरात १९१० साली जन्मले. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यातले ते एक. जपानी फौजांच्या गोळ्यांनी जखमी झालेल्यांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या आणि १९४२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, तिथेच गेले. त्या पथकासाठी इथल्या लोकांनी वर्गणी दिली होती. गोळी झाडली कुणी, लागली कुणाला, आणि वर्गणी दिली भारतातल्या साध्या माणसांनी. शाळेत हा धडा शिकवताना मी डॉक्टरांविषयी बोलायचो, वर्गणीविषयी कधी बोललो नाही.

---

वकील_बार्शी | रविवार, दुपारी १.४०

शेवंतीताई, तुमच्या "दार होतं" या वाक्यावर मी सकाळपासून अडकलोय. ते दार काय आहे ते आधी सांगतो.

मोटार वाहन कायद्याने रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला तिसऱ्या व्यक्तीसाठीचा विमा सक्तीचा आहे. गाडी पळून गेली, नंबर मिळाला नाही, तरी एप्रिल २०२२ पासून सरकारी योजनेत गंभीर जखमीला ५०,००० आणि मृताच्या वारसांना २ लाख मिळतात. बंदुकीचं काय? १९५९ चा शस्त्र कायदा, २०१६ चे नियम, परवान्यासाठी पडताळणी, प्रशिक्षण, दुरुस्त्या, सगळं आहे. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि आनंदाच्या भरात गोळीबार करून जीव धोक्यात घालणं हा स्वतंत्र गुन्हा झाला: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे तो पाहुणा वाचण्यासारखा नाही. पण जखमीच्या इलाजासाठी विमा? एक ओळ नाही. स्कूटीला विमा लागतो, बंदुकीला लागत नाही.

तरी दार अगदीच बंद नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७ अ होतं, आता नव्या संहितेत ३९६ आहे. गुन्ह्यात इजा झालेल्या माणसाला पुनर्वसनासाठी सरकारी निधीतून भरपाई मागता येते. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. आरोपी सापडला नाही तरी अर्ज चालतो. आणि एक पोटकलम तर वॉर्डातल्या प्रत्येकाला पाठ हवं: पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने किंवा दंडाधिकाऱ्याने दाखला दिला तर प्राधिकरण तातडीची मोफत वैद्यकीय मदतही मंजूर करू शकतं.

---

शेवंती | रविवार, दुपारी २.१५

वकीलसाहेब, ३१ वर्षांत हे मला एकदाही कुणी सांगितलं नाही. पोलीस केसचे कागद मी हजारो भरलेत. पोलीस आले नाहीत तरी जखमीवर आधी इलाज करायचा, हा १९८९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवला होता, आणि तो आम्ही पाळला. पण इलाजानंतरचं हे कुणी शिकवलं नाही. त्या आईला मी पन्नास वेळा "गोळी निघाली नाही" म्हणाले, त्यातल्या एकदा तरी हे सांगता आलं असतं.

---

बाल्टिमोरकर | रविवार, दुपारी ४.३०

वकीलसाहेबांच्या विम्याच्या मुद्द्याला जोडून. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहराने जानेवारी २०२२ मध्ये बंदूक बाळगणाऱ्यांना विमा सक्तीचा करणारा नियम मंजूर केला, वर्षभराने तो लागू झाला. अमेरिकेतलं असं पहिलं शहर. मुद्दा हाच होता की खर्च सगळ्या करदात्यांनी का सोसायचा. मर्यादाही आहे: विमा अपघाताचे पैसे देतो, जाणूनबुजून झाडलेल्या गोळीचे देत नाही. त्यामुळे इथल्या टोळीयुद्धांतल्या खर्चाला त्याचा उपयोग नाही. वरातीतल्या गोळीला मात्र झाला असता.

दुसरं, आमच्याच शहरातलं. कार्नेल कूपर नावाच्या सर्जनच्या लक्षात आलं की आपण शिवून घरी पाठवलेली तीच पोरं पुन्हा गोळी खाऊन परत येतात. त्यांनी १९९८ मध्ये ट्रॉमा सेंटरमध्येच एक कार्यक्रम सुरू केला. पेशंट खाटेवर असतानाच समाजसेवक येऊन बसतो: नोकरी, शाळा, व्यसन, राहायची जागा. ताई म्हणतात ते "इलाजानंतरचं" तिथे खाटेपाशीच सुरू होतं.

---

यंत्रमाग_अशोकचौक | रविवार, संध्याकाळी ६.५०

ताई, माझा कालचा प्रश्न मागं घेत नाही, पण त्याला जोड देतो. मेहुण्याच्या क्लेमचे पैसे चार वर्षांनी आले, त्यातनं भाचीचं डिप्लोमा झालं. ते आले नसते तर काय, हे आज या मुलाचं वाचून कळालं. आमच्या गल्लीत एकाकडं हवेची गादी पडून हाय, त्यांचे वडील वारले. पंप चालू हाय का बघून सांगतो.

---

पेठेतला_पोऱ्या | रविवार, रात्री ८.०५

चुलत्यांना वाचून दाखवलं. जेवण अर्धं टाकून उठले. अर्ध्या तासाने येऊन म्हणाले, फेब्रुवारीत धाकट्याचं लग्न आहे, बंदूक त्याच्या आधीच पोलीस ठाण्यात जमा करून येऊ. काकूने लगेच तारीख कॅलेंडरवर लिहिली.

---

वकील_बार्शी | रविवार, रात्री ८.४०

शेवंतीताई, अर्जाला उशीर झालाय, पण उशीर का झाला ते कारणांसह वेगळ्या अर्जात मांडू. डिस्चार्ज कार्ड, एफआयआरची प्रत, अपंगत्वाचा दाखला, आधार, बँक पासबुक, बाहेरून आणलेल्या औषधांच्या जेवढ्या पावत्या असतील तेवढ्या. मंगळवारी अकरा वाजता मी सोलापूर कोर्टात आहे. त्याच्या आईला घेऊन या.

---

शेवंती | सोमवार, दुपारी १२.२०

आत्ताच त्यांच्याकडून आले. पावत्या सगळ्या आहेत. विड्यांच्या रिकाम्या पोत्यात रचून ठेवलेल्या, दोऱ्याने बांधलेल्या, पंचवीस-पंचवीसच्या गठ्ठ्यात.

आई यायला तयार आहे, पण विचारतेय की जाऊन येऊन दहा बंडलांच्या आत होईल का. शेजारची बाई कामाला जाते, कूस बदलायला दुसरं कुणी नाही. मी घरी थांबले तर तिला एकटीला कोर्टात जायची भीती वाटते.

---

वकील_बार्शी | सोमवार, दुपारी १२.३१

मग तिला कुठं यायला नको. कोर्ट आटोपून मीच घरी येतो, वकीलपत्रावर तिथेच सही घेऊ. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.